पुस्तकात नसलेला संत

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, पाद्रीबाबांपुढे कुमसाराला, पापं कबूल करायला, गुडघे टेकले तेव्हाही नाही. भावाशी बोलणं तोडलं म्हणून देवाला प्रिय झालेला वाळवंटातला जो संत आमच्या वाड्यात अजून सांगितला जातो, तो कधी जन्मालाच आला नाही. तो मी रचला.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. मी मालवणजवळच्या शाळेत मास्तर. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा येत, म्हणून ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी दिवेलागणीला, वाड्यातल्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लदीनीची प्रार्थना झाली की लोकांना संतांच्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं. गोव्याहून आलेलं एक पोर्तुगीज पुस्तक माझ्यापाशी होतं. त्यात बघायचं आणि मालवणीत सांगायचं. ते वाचू शकणारा दुसरा कोणी नव्हता.

त्या पुस्तकातले मिसर देशाच्या वाळवंटातले म्हातारे संत, खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणत एकाच झोपडीत जन्म काढणारे, आमच्या लोकांना पटकन कळले. पाण्याकडे डोळे लावून मासळीची वाट बघत बसणाऱ्याला धीर धरणं शिकवावं लागत नाही.

ऐकणाऱ्यांत एकाच रापणीवरचे, किनाऱ्यावरून ओढायच्या एकाच मोठ्या जाळ्यावरचे, दोघे भाऊ असत. थोरला मोजून बोलणारा. धाकट्याच्या जिभेला हाड नाही.

"मास्तर," एका शुक्रवारी धाकटा म्हणाला, "थंय दर्या नाय, मासळी नाय. मगे ह्ये खातत काय?"

"भाकरी नि मीठ."

"आणि दिसभर बसान रवतत? धाडा दोघांक हंयसर. आमच्या रापणीक हात कमी आसत!"

लोक इतके हसले की बायांच्या ओटीतले, शेवटी वाटायला आणलेले उकडलेले चणे वाळूत सांडले. मीही हसायला हवं होतं. त्या म्हाताऱ्यांपैकी कोणीही हसला असता. मला जमलं नाही. आठवड्यातून तेवढीच एक संध्याकाळ मी कोणीतरी असायचो.

पुढच्या शुक्रवारी मी एका पानावर बोट ठेवलं आणि मनाचंच सांगितलं. एका संताचा भाऊ त्याची टिंगल करी. संताने त्याच्याशी बोलणं सोडलं. भाऊ तीनदा दाराशी आला, याने दार उघडलं नाही. तेव्हा देवदूत येऊन त्या दाराशी उभे राहिले. सांगताना मी धाकट्याकडेच बघत होतो. त्याने मान खाली घातली. मला ते गोड लागलं.

चणे वाटून झाले, लोक पांगले. थोरला थांबला होता.

"मास्तर, ह्यां खरांच पुस्तकात आसा?"

"आसा," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात घराच्या वाटणीवरून दोघांचं वाजलं होतं आणि धाकटा आईवर आवाज चढवून बोलला होता, हे मला ठाऊक नव्हतं. येत्या रविवारी मिस्साआधी भावाचा हात धरून मिटवायचं, असं थोरल्याने ठरवलं होतं, तेही मागाहून कळलं. त्याने हात धरला नाही. तो बोलायचाच थांबला.

रापणीच्या एका दोरावर थोरला, दुसऱ्यावर धाकटा. दोन्ही टोकं बरोबरीने ओढली तर जाळं सरळ येतं, म्हणून एकमेकांना हाका मारत राहावं लागतं. थोरला शेजारच्याला म्हणायचा, "सांग तेका, दोर सैल सोड." तो पुढच्याला सांगायचा. निरोप पोचेपर्यंत बांगडा कोणासाठी थांबतो? दोन हंगाम असेच गेले. मग धाकटा आरोंद्याला सासुरवाडीला गेला आणि तिथल्या खाडीत मासे मारू लागला.

आई गेली तेव्हा तो आला. मातीच्या वेळी त्याने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरला बाजूला सरला. परतताना तो मला म्हणाला, "जड गेला, मास्तर. पण त्या संताकय जड गेलाच आसतला." मी मान डोलावली.

त्यानंतर ते पुस्तक मी किती वेळा वाचलं असेन. आज छातीवर हात ठेवून सांगतो, आपल्याला वाट दाखवायला ते म्हातारे पुरेसे आहेत. माणसांचा कंटाळा आला म्हणून ते वाळूत गेले नव्हते. पाहुणा आला की ते उपास मोडत. भाऊ चुकला तर आधी आपली चूक काढून बघत. एका जागी बसायचं ते एवढ्यासाठीच, की स्वतःपासून पळता येऊ नये. त्याला वाळवंट कशाला हवं? शाळेतली खुर्ची पुरते, होडीतली फळीही पुरते. आणि मनात दडवलेलं वाढत जातं, ते कोणा माणसापुढे शब्दांत काढलं की सुकतं, हे त्यांनी जन्म घालवून तपासलेलं आहे. संतांचा काळ गेला असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे बघावं. ज्या पुस्तकावर बोट ठेवून मी खोटं बोललो, तेच मला स्वस्थ बसू देत नाही.

परवा थोरला जाळं विणत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "मास्तर, त्या संताचो भाव मगे खंय गेलो?"

"ता पुस्तकात नाय," मी म्हणालो. तेवढंच खरं बोललो.

तो संतच पुस्तकात नाही, हे थोरल्याला त्याच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. आणि मग आरोंद्याला जाऊन धाकट्यालाही. दोन्ही अजून राहिलं आहे.