उजव्या हातानंतरची पेटी

माझा उजवा हात गेला तेव्हा शेतात कापूस फुटला होता. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. तो उचलायला वाकलो आणि पुन्हा सरळ होता येईना. बायकोने शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि मला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. अर्धांगवायू, डॉक्टर म्हणाले. पुढच्या काही महिन्यांत बोलणं सुधारलं, पायही बऱ्यापैकी परत आला. बोटं मात्र आली नाहीत.

मी शहाद्याकडच्या साखर कारखान्यात कारकून होतो, पण गावाने मला कारकून म्हणून कधी ओळखलं नाही. भजनी मंडळात पेटी वाजवणारा म्हणूनच ओळखलं. आता डाव्या हाताने सूर आणि बायकोने भाता, असंही करून पाहिलं. पण माझ्या डाव्या हाताने जन्मभर भाताच ओढलेला. त्याला सूर कुठे आहेत तेच कळत नव्हतं.

एके दिवशी मंडळातला तबलजी आला. माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा. बराच वेळ पपईच्या भावावर बोलला. मग खाली बघत म्हणाला, "गुरुवारना भजनले पेटी लागी. तुन्ही घरमा पडेल शे, म्हनीसन इचारस."

मी म्हणालो, "ली जाय."

पेटी गेली. ती ठेवायचो तो कोपरा बायकोने दुसऱ्या दिवशी झाडला आणि तिथे धान्याची कोठी सरकवली. गुरुवारी भजनाला बसलो की दुसरा कोणी वाजवतोय हे ऐकवेना, म्हणून मी जायचंच सोडलं. दिवसभर टीव्हीसमोर बसायचो. बायकोने जेवणाचं विचारलं तरी चिडायचो.

आमची मुलगी नाशिकला नर्स आहे. सुट्टीला आली तेव्हा तिने हे सगळं पाहिलं. जाताना स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. "पप्पा, यात माऊसने एकेक सूर ठेवता येतो. एक हात पुरतो," ती म्हणाली. तिने तीन-चार सॉफ्टवेअरची नावं कागदावर लिहून दिली. सगळी फुकट किंवा स्वस्त. "कुठलं जमतं ते तुम्हीच बघा."

पहिलं दिसायला फार सुंदर होतं. पडद्यावर पेटीच्या पट्ट्या उभ्या, त्यांच्यासमोर चौकटी. चौकटीत क्लिक केलं की तिथे एक वीट बसायची, आणि वीट जितकी लांब तितका सूर लांब. तबले होते, बासऱ्या होत्या, शेकडो आवाज होते. मी आठवडाभर खपून एका भजनाची चाल बसवली आणि सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी उघडायला गेलो तर उघडेना. विकत घ्या, मग उघडेल, असं पाटी सांगत होती. सेव्ह करू देतात, पण केलेलं परत उघडू देत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. दवाखान्यात जाग आल्यावर बोटं हलवायला गेलो होतो आणि ती हलली नव्हती, तो क्षण आठवला.

"कितला पैसा लागतीन?" बायकोने विचारलं.

"नको," मी म्हणालो. औषधांचा खर्च चालू होता, आणि मला हे जमेल की नाही तेच ठाऊक नव्हतं.

कागदावरचं दुसरं इंटरनेटवरच चालायचं. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की नेटही जातं, आणि माझा कामाचा वेळ नेमका दुपारचा. तिसरं स्वस्त होतं, बरेच दिवस फुकट वापरूनही बघता येत होतं, पण त्यात स्वतःचा आवाजच नव्हता. नवं घर बांधावं आणि आत एकही भांडं नसावं, तसं. आवाज बाहेरून आणून बसवायचे. मुलीने फोनवर समजावलं, मला कळलं नाही. दोघेही वैतागलो आणि तिने ड्युटीचं कारण सांगून फोन ठेवला.

चौथं दिसायला गबाळं होतं. पण पूर्ण फुकट, जुन्या लॅपटॉपवर न अडखळता चालणारं, आणि आवाज त्याच्या आतच. मी आधी एकच सूर ठेवला, सेव्ह केला, बंद केलं आणि पुन्हा उघडलं. सूर जागेवर होता. मग त्यातच राहिलो.

त्यात पेटी नव्हती. पण आवाज घडवायचा सिंथेसायझर होता. त्यात करवतीच्या दातांसारखी एक लाट होती, तिचा आवाज कर्कश. तशा दोन लाटा घेतल्या, दुसरी केसभर बेसूर केली, वरचा तीक्ष्णपणा कापला. सूर एकदम न उठता जरा दमाने उठेल असं केलं, कारण भात्याला हवा भरायला वेळ लागतो. बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारात थांबली.

"पेटी परत लयना का?"

मी पडदा दाखवला. ती खुर्ची ओढून बसली.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा आमच्याकडे बायका अहिराणी गाणी म्हणतात. बायकोचा आवाज त्यात वरचा, आणि पेटीवर साथ माझी असायची. त्यातल्या एका गाण्याला साथ बसवायची ठरली. मी सूर मांडले, ठेका लावला, ती गायला लागली. दुसऱ्या ओळीला मागे पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी रागावलो. लयीत गा, म्हणालो.

"मी लयमाच शे," ती शांतपणे म्हणाली. "हाई थांबत नही. पेटीवर तुम्ही मन्हासाठे थांबेत."

मी थांबत होतो हे मला कधी कळलंच नव्हतं. ती श्वास घ्यायची तिथे माझी बोटं आपोआप रेंगाळत असणार. ते हातात होतं, डोक्यात नव्हतं. आता हातच नव्हता. त्या दुपारी मी तिच्यासमोर रडलो. आजारपणात पहिल्यांदाच. तिने पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

मग आम्ही उलटं केलं. या सॉफ्टवेअरमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही, म्हणून तिचं गाणं फोनवर घेतलं, ठेक्याशिवाय, तिला हवं तसं. ते लॅपटॉपवर आणलं. चौकटींचं बंधन काढून टाकलं आणि तिच्या प्रत्येक श्वासामागे एकेक सूर सरकवत गेलो. चार ओळींच्या गाण्याला अख्खा उन्हाळा गेला. मान अवघडायची, डोळे चुरचुरायचे. आणि नीट जमल्यावरही मला ऐकू यायचं की ही माझी साथ नाही, त्या जुन्या साथीची आठवण काढून केलेली नक्कल आहे.

तबलजीला ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं. "चांगलं शे," म्हणाला, आणि मग, "पन भजनमा कसं चालई? पंधरा जन पंधरा जागे थांबतस."

त्याचं खरं होतं. मंडळात ते कधी वाजलं नाही. पेटी अजून मंडळातच आहे.

मुलीच्या फोनमध्ये मात्र ते गाणं आहे. तिच्या वॉर्डातल्या एका बाईंच्या मुलीला असं काही शिकायचंय, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तिने मागच्या आठवड्यात विचारलं. सध्या काही विकत घेऊ नकोस म्हणावं, मी सांगितलं. आधी एक सूर सेव्ह करून परत उघडून बघ. नेट बंद करून बघ. आणि गाणारं कोणी असेल, तर आधी त्याला गाऊ दे.

डॉक्टर म्हणतात, बोटांचं आता फारसं काही होणार नाही. मी गुरुवारी पुन्हा जाऊन बसतो, मागच्या भिंतीला टेकून. नवा पेटीवाला घाईने वाजवतो. कधीकधी सहन होतं, कधी मधेच उठून येतो.

बायकोने परवा साथीसाठी दुसरं गाणं म्हणून दाखवलं. पहिल्यापेक्षा कितीतरी लांब आहे, आणि मधे मधे ती ओळी विसरते.