मामांचा पाय, रंग लागलेला दगड आणि माझी वही

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवायचा? माणसाच्या तोंडावर की व्यापाऱ्याच्या वहीवर? थांबा, लगेच उत्तर देऊ नका! राहात्याला माझा पेरूचा गाळा. चहा पाजला की लोक किस्से ठेवून जातात आणि रिकाम्या क्रेटसारखे ते एकावर एक चढत जातात. त्यातली सगळ्यात उंच थप्पी सायमनमामांच्या अपघाताची.

सायमनमामा बारा वर्षं माझा टेम्पो चालवत होते. हिवाळ्यातली सकाळ, नगर-मनमाड रोडवर धुकं, आणि एक ट्रेलर बंद पडून रस्त्यातच उभा. ना लाईट, ना रिफ्लेक्टर. मागं खूण म्हणून आपले नेहमीचे चार दगड! टेम्पो दगडावर चढला आणि ट्रेलरवर आदळला. मामा वाचले, पण उजवा पाय कामातून गेला. ड्रायव्हरकी संपली. मग ट्रेलरच्या विमा कंपनीवर दावा लावला. त्या पैशावर लेकीचं, रूथचं नर्सिंगचं शिक्षण अवलंबून!

* * *

टेम्पोतले पेरू रस्ताभर झाले. अर्धे लोक मामांना बाहेर काढायला धावले, अर्धे पेरू गोळा करायला! तिसऱ्या दिवशी तिथल्या वस्तीवरची एक म्हातारी दवाखान्यात भेटायला आली. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून पिशवीभर पेरू घेऊन.

मामांनी एक उचलून वास घेतला. "आज्जी, माल वळखीचा हाय!"

आज्जी शांतपणे म्हणाली, "मंग खा की. तुझ्यासाठीच उचलल्यालं!"

* * *

कंपनीचा चौकशीवाला रस्त्याकडेच्या चहावाल्याकडं गेला. "अपघात पाहिला?"

"आवाज झाल्यावर पाहिला."

"आवाजाच्या आधी काय दिसलं?"

"आवाजाच्या आदी रस्त्याकडं कोन बघतं सायेब? मी दुधाकडं बघत हुतो!"

* * *

त्या चारपैकी एका दगडाला टेम्पोचा निळा रंग लागला होता. मामांनी तो जपून ठेवलेला. कोर्टाच्या पहिल्या तारखेला आम्ही एसटीनं नगरला निघालो. कुबडी मामांच्या बगलेत, दगडाचं गोणपाट माझ्या डोक्यावर!

कंडक्टरनं विचारलं, "बोचक्यात काय?"

मामा म्हणाले, "साक्षीदार."

"मंग फुल तिकीट लागंल!"

आमच्या वकीलबाईंनी हसू दाबत सांगितलं, "मामा, पंचनाम्यात फोटो आहे हो दगडाचा." साक्षीदार आला तसा परत गेला. हल्ली माझ्या गाळ्याचं दार तोच धरून ठेवतो.

* * *

मामांच्या साक्षीच्या आधी वकीलबाईंनी दहादा बजावलं, "जे जे दुखतं ते सगळं सांगा, लपवू नका." कंपनीचे वकील माणूस गोड. उठले आणि हसून म्हणाले, "काय मामा, तब्येत कशी आहे?"

मामांना कुणीही तब्येत विचारली की उत्तर एकच. "देवाच्या दयेनं एकदम ठनठनीत!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पुढं डॉक्टरांच्या दाखल्यानं निभावलं म्हणून बरं!

* * *

मग माझी साक्ष. दाव्याची रक्कम पगारावर ठरते. मी छाती काढून सांगितलं, "महिना अठरा हजार!"

कंपनीच्या वकिलांनी माझीच वही माझ्यापुढं धरली. तिथं नऊ. बाकीचे नऊ मी रोख द्यायचो आणि लिहायचो नाही. ही हुशारी मला कुणी शिकवली नव्हती, माझी स्वतःची!

"शेठ, खोटं कोण? तुम्ही की वही?"

"वही, साहेब."

"मग बाकीची पानं खरी कशावरून?"

मी हात पुढं करून वही मिटली.

निकालात कोर्टानं नऊच धरले. रूथची दोन वर्षं बाकी, पैसे एकाच वर्षाचे. परतताना माझीच गाडी होती. राहुरी मागं पडली तरी मी नुसता समोर बघत ती हाकत होतो.

शेवटी मामाच म्हणाले, "बोला की शेठ काईतरी. भर कोर्टात सोताची वही खोटी म्हनलात, माझ्यापायी. येवढं कोन करतं?"

डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

"शेठ, पयले चारी इंडिकेटर लावा!"

लावले. मग ते हळूच म्हणाले, "नव्या ड्रायव्हरचं तेवढं पुरं लिवत जा."

नव्या वहीची पहिली ओळ मी भरलेल्या रूथच्या राहिलेल्या फीची आहे, पुरी. तुम्हा गाळेवाल्यांनाही हात जोडून एवढंच मागणं. आज गाळ्यावर गेलात की वही उघडा, आणि पुरं लिहा.