सलूनमधून मोजलेला रस्ता

पंचेचाळिशी उलटली की कुणी गुडघ्यांना तेल चोळतं, कुणी कुंड्यांत झाडं लावतं, कुणी व्यायामाच्या वर्गाला जाऊन पाठ धरून परत येतं. डांबरकाकूंनी रस्ते अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं.

काकू नगरपालिकेच्या रस्ते विभागात अभियंता. अर्धं आयुष्य खड्डे बुजवण्यात गेलेलं आणि उरलेलं तेच खड्डे पुन्हा बुजवण्यात जाणार हे दिसत असलेलं. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा नव्या प्राध्यापक बाई आल्या असं समजून सगळी मुलं उभी राहिली. काकू मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा आता आपण बसायचं की नाही हे कुणालाच कळेना. पुढे प्रयोगशाळेत त्यांच्या नव्याकोऱ्या कुर्त्यावर डांबर सांडलं, ते काढायला त्यांनी रॉकेल लावलं, आणि कुर्ता कितीही धुतला तरी काकू कुठल्या मजल्यावर आहेत हे जिन्यातच कळायला लागलं. तेव्हापासून त्या डांबरकाकू.

त्यांचे मार्गदर्शक सर त्यांच्याहून बरेच लहान. काकू खोलीत आल्या की सर सवयीने उठून उभे राहत आणि मग आपण उगाच उठलो हे लपवायला खिडकी उघडत. खिडकी बिचारी दिवसातून चार वेळा उघडायची.

अभ्यास चांगला चालला होता, अडला होता तो प्रबंध. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. यंदा प्रबंध मान्य झाला नाही तर पदवी गेली, आणि घरात सासूबाईंना आयुष्यभर पुरेल एवढा विषय मिळाला.

खरं तर प्रबंधाचा विषयही सासूबाईंनीच दिला होता. त्यांची जिवलग मैत्रीण घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे राहायची. रस्ता खड्ड्यांचा होता तोवर गाड्या लंगडत जायच्या आणि सासूबाई रमतगमत पलीकडे जाऊन यायच्या. मग सुनेच्याच विभागाने तो रस्ता आरशासारखा गुळगुळीत केला. गाड्या सुसाट सुटल्या आणि दोन मैत्रिणी दोन गॅलऱ्यांतून एकमेकींना हातवारे करू लागल्या.

"सगळ्यांच्या सुना सासवांना घरातल्या घरात अडवतात," सासूबाई म्हणायच्या. "आमचीने त्यासाठी अख्खा रस्ता बांधला."

तेव्हा या रस्त्यावर गाड्या मर्यादेपेक्षा जोरात जातात हे सिद्ध करायचं आणि तिथे पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडायचा उंच पट्टा, म्हणजे गाड्यांना हळू व्हावंच लागेल असा, सुचवायचा, असा काकूंचा प्रबंध. महाविद्यालयाने वेग मोजायचं यंत्र दिलं. दिसायला पिस्तुलासारखं, गाडीवर रोखायचं आणि घोडा दाबायचा, की मागच्या पडद्यावर वेगाचा आकडा.

नियमात बसेल अशा रीतीने काकू चमकदार नारिंगी जाकीट घालून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. समोरून आलेल्या पहिल्याच स्कूटरवाल्याने पायाशी ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर घातलं. मागचा मोटारवाला इतका हळू आला की त्याला एका सायकलने मागे टाकलं. एका सज्जनाने तर गाडी बाजूला घेऊन न मागता परवाना काढून दिला आणि "घरी आजारी माणूस आहे हो," म्हणून हात जोडले. सासूबाई त्या दिवशी मजेत मैत्रिणीकडे जाऊन आल्या.

आकडे बघून मार्गदर्शक सरांनी खिडकी उघडली.

"मॅडम, या आकड्यांवरून इथल्या लोकांना जरा वेगाने चालवा असं सुचवावं लागेल."

घरी काकूंच्या यजमानांनी, त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, कारण एका वाक्यात सांगितलं. "तू बघत उभी राहिलीस की मीसुद्धा हळू चालतो, स्वयंपाकघरातसुद्धा."

म्हणजे आता लपणं आलं. घराला लागूनच एक सलून होतं, रस्त्याच्या बाजूने सगळी काच. काकूंनी जाऊन विचारलं.

"बसा की ताई," सलूनवाला म्हणाला. "फक्त माझं गिऱ्हाईक बिथरवू नका."

काकू काचेजवळच्या खुर्चीत यंत्र घेऊन बसल्या. गिऱ्हाइकं बिथरली नाहीत. यंत्राच्या आकारामुळे सगळ्यांना ते केस वाळवायचंच वाटलं. एक गृहस्थ तर "माझ्याकडे नका करू, सर्दी आहे," म्हणून खुर्ची बदलून बसले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या रस्त्यावरच्या गाड्या एकमेकींना दोरीने बांधलेल्या आहेत का? सगळ्यांचा वेग सारखा कसा?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी नीट पाहिलं. मोटार गेली, आकडा तोच. सायकल गेली, आकडा तोच. समोर एक ट्रक उभा होता, चालक आत तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. ट्रकही त्याच वेगाने चालला होता. यंत्र महाविद्यालयाचं, बिघडलं तर भरून कुठून द्यायचं? तेवढ्यात कापलेले केस उडायला लागले म्हणून सलूनवाल्याने काचेजवळचा पंखा कमी केला, आणि झोपलेल्या ट्रकचा वेगही कमी झाला.

काकूंनी पंख्याकडे पाहिलं. यंत्र आपलं काम चोख करत होतं. समोर जे हलेल त्याचा वेग सांगायचा एवढंच त्याला ठाऊक, आणि सर्वांत जवळ हलत होतं ते पंख्याचं पातं.

"भाऊ, पंखा बंद करता का थोडे दिवस?"

"दिवस?" खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं. "मी दाढीला आलोय की वाफ घ्यायला?"

"ताईंची परीक्षा आहे," सलूनवाला म्हणाला. "मान खाली घ्या."

पंखा बंद झाला आणि रस्त्याने आपलं खरं रूप दाखवलं. आकडे असे निघाले की सलूनवाल्याने स्वतःच्या मुलाला हात धरून शाळेत पोचवायला सुरुवात केली. काकूंनी प्रबंध लिहून काढला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कोरड्या स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले.

"एकात रस्ता प्रार्थनेच्या रांगेसारखा, दुसऱ्यात शर्यतीसारखा. खरा कुठला?"

"दोन्ही, सर. कोणी बघतंय की नाही त्यावर आहे."

"मी स्वतः पाहिल्याशिवाय हे मानणार नाही."

निघाली वरात. परीक्षक, काकू आणि नारिंगी जाकीट घातलेले मार्गदर्शक सर फुटपाथवर ओळीने उभे राहिले. अर्थातच गाड्या एकामागून एक मान खाली घालून जाऊ लागल्या.

"इथे कोणीही जोरात जात नाही," परीक्षक म्हणाले. "दुसरा आलेख मला नामंजूर करावा लागेल."

"सर, एक विनंती," काकू म्हणाल्या. " जरा सलूनमध्ये बसा."

परीक्षकांनी मार्गदर्शकांकडे पाहिलं. इथे उघडायला खिडकी नव्हती, म्हणून मार्गदर्शकांनी आभाळाकडे पाहिलं.

परीक्षक खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सलूनवाल्याने पंखा बंद केला आणि त्यांच्या गळ्याला पांढरा कपडा बांधून गालांना फेस फासला.

"अहो, सर नुसते बसायला आलेत," मार्गदर्शक म्हणाले.

"नुसतं बसलेलं माणूस संशयास्पद दिसतं. बाहेरच्यांना काय वाटेल?"

हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असल्याने परीक्षकांनी हनुवटी वर केली. काकूंनी दिलेलं यंत्र त्यांनी कपड्याखालून बाहेर काढलं आणि रोखलं. एक मोटार गेली. त्यांनी आकडा पाहिला. दुसरी गेली. "अजून एक," ते फेसातून म्हणाले.

"साहेब, हलू नका. हातात वस्तरा आहे."

तेवढ्यात शेजारच्या फाटकातून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी एक पाऊल रस्त्यावर टाकलं, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं.

"त्या कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"कधीपासून उभ्या आहेत?"

"रस्ता नवा झाल्यापासून."

परीक्षकांनी यंत्र काकूंच्या हातात दिलं आणि ते तसेच उठले. गळ्यात पांढरा कपडा, एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेस, अशा थाटात ते रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभे राहिले. दोन्ही बाजूंची वाहतूक जागच्या जागी थिजली. सासूबाई सावकाश पलीकडे गेल्या. जाताना त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "दाढी अर्धीच झालीये हो तुमची."

परीक्षक परत येऊन खुर्चीत बसले आणि उरलेला गाल पुढे केला.

"प्रबंध मान्य," ते म्हणाले. "शिफारशीसह. पण त्या परत कशा येणार?"

मार्गदर्शक सर बाहेर गेले आणि जाकीट नीट करून फुटपाथच्या कडेला उभे राहिले.