ओले ब्रश

वाशीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची गॅलरी बंद करून मी पार्लर सुरू केलं, तेव्हा ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्याआधी दादरला सहा महिन्यांचा कोर्स केला होता. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मेकअप फिका पडला तर चालेल, ब्रश घाण असलेला चालणार नाही." ते मी पक्कं मनावर घेतलं. माझ्याकडे ब्रश सातच होते. एक बाई उठली की ते स्पिरिटच्या कापसाने पुसायचे, आणि संध्याकाळी साबणाने धुऊन टॉवेलवर आडवे सुकत ठेवायचे. सकाळी कोरडे झाले की डब्यात.

वरच्या मजल्यावरच्या एक शेजारीण माझ्यासोबत काम करायच्या. साताऱ्याकडच्या, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्या केस बांधायच्या, चेहरा मी करायचे. सकाळी मी मुलीला शाळेत सोडायला गेले की घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. पार्लर त्याच उघडून, झाडून ठेवायच्या.

त्या वर्षी खाडीकाठच्या गावातल्या एका कोळ्यांच्या मुलीचा लग्नाचा मेकअप आम्ही केला. चौथ्या दिवशी दुपारी तिची आई दारात उभी राहिली.

"काय लावलंस गो बाय? पोरीचं डोलं बग जाऊन. सुजून बंद झायलंन."

"अहो, ब्रश मी रोज धुते. हळद गेली असेल डोळ्यांत, नाहीतर कुणीतरी दुसरं काही लावलं असेल."

"दुसरं कोन लावतंय? तूच लावलंस."

ती गेली. मी तडक ब्रशांचा डबा उघडला. ब्रश दमट होते. सकाळी मी ते चांगले कोरडे करून ठेवले होते, मग दुपारी ओले कसे?

त्या क्षणी संशय डोक्यात शिरला तो बाहेर निघेना. किल्ली एकाच माणसाकडे होती. वहिनी माझ्या पाठीमागे सकाळी कुणाकुणाचा मेकअप करतात आणि ब्रश घाईघाईत खंगाळून ठेवतात, असं मी मनात ठरवूनच टाकलं. संध्याकाळी त्या जिन्यात कुणाशी बोलताना दिसल्या, तर मी थांबून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश मुद्दाम उलटसुलट लावून ठेवले. परत आले तर सगळे एका बाजूला तोंडं करून नीट मांडलेले होते, आणि त्यांना चंदनी साबणाचा वास येत होता. तो साबण माझ्याकडे नव्हता.

त्या दुपारी मी विचारलंच. "वहिनी, सकाळी माझे ब्रश कुणाच्या तोंडाला लावता?"

त्यांनी हातातला कंगवा खाली ठेवला.

"कुनाच्या म्हंजे? धुते मी ते. तुमी वरवर धुताय, मुळाशी लाली तशीच ऱ्हाती. सांगितलं तर तुमाला राग येईल, म्हणून गप धुवत होते."

"मग चोरून कशाला?"

"चोरून?" त्यांनी कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

तरीही माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ब्रशांचा डबाही सोबत नेला, पुरावा म्हणून. डॉक्टरांनी डोळ्याच्या ब्रशचे केस बोटांनी फाकवून मुळापर्यंत पाहिले.

"हे स्वच्छ आहेत. डोळ्यांना आणखी काय लावलंत?"

मी पर्समधून काजळाची डबी काढली.

"ब्रश थेट या डबीत बुडवता?"

"हो."

"एकीच्या डोळ्याला लावून पुन्हा डबीत?"

मला आठवलं. त्या लग्नाच्या आदल्या दिवशी एक बाई आल्या होत्या. त्यांचा डोळा लाल होता. "कचरा गेलाय," असं त्या म्हणाल्या आणि मी विश्वास ठेवून काजळ घातलं होतं. त्यांचा ब्रश मी धुतला. डबी तीच राहिली.

"याच्यानेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले, "पण ही डबी फेकून द्या."

बाहेर बाकावर बसून मी मुलीच्या आईला सगळं सांगितलं. तिने माझ्या हातातली काजळाची डबी उघडून पाहिली. मग म्हणाली, "परवा सांगतीस तं मी इतकी वरडली नसती." मुलीचे डोळे आठवड्याभरात बरे झाले. तोवर मी रोज जाऊन स्वतः तिच्या डोळ्यांत औषध घालत होते. पहिले दोन दिवस तिची आई शेजारी उभी राहून माझे हात तपासायची. तिसऱ्या दिवशी ती मासळी निवडायला बसली.

वहिनींचं मात्र तसं झालं नाही. मी माफी मागायला वर गेले, तेव्हा त्यांनी चहा केला, त्या मुलीच्या डोळ्यांची चौकशी केली. किल्ली पुढे केली तर म्हणाल्या, "आता नको. उद्या परत काई झालं तर पयला माझाच नंबर." ते खरं होतं. किल्ली घेऊन मी खाली आले; तेव्हापासून केसही मीच बांधू लागले.

मी काजळ बशीत काढून घ्यायला लागले. प्रत्येकीला वेगळी काडी, टोकाला कापूस गुंडाळलेली. कुणाचा डोळा जरा लाल दिसला की उजेडात नेऊन खालची पापणी ओढून बघायचे. बायका चिडायच्या. एक तर अर्ध्या मेकअपवर उठून गेली.

दोनेक वर्षांनी वहिनींच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, आणि त्या तिला घेऊन माझ्याकडेच आल्या. मी मुलीला आरशासमोर बसवलं, ब्रश टॉवेलवर मांडले, काजळ बशीत काढलं.  वहिनींनी एकेक ब्रश उचलून नाकाशी नेला, बशीत वाकून पाहिलं, आणि मग मुलीचे केस सोडायला घेतले.