रिकाम्या पारड्यांना हळदकुंकू

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घरापुढे सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला तो गुळाचा.

अगदी लहानपणी मी गोवरातून कसाबसा वाचलो. त्या आजारात आईने सारंगखेड्याच्या दत्ताला नवस केला होता, की हा पोर जगू दे, याची शाळा पुरी होऊ दे, याची तुला करीन, याच्या वजनाइतका घरचा गूळ तुझ्या दारात वाटीन. आमच्या घरात तोवर कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. शाळा म्हणजे आईच्या हिशेबाने चौथी. पण चौथीला गुरुजींनी वडिलांना सांगितलं, याला थांबवू नका. मग सातवी झाली. मग नंदुरबारची इंग्रजी शाळा, मग पुण्याचं कॉलेज. त्या गुरुजींचं आणि पुण्यात वार लावून मला जेवू घालणाऱ्या घरांचं ऋण माझ्यावर आहे, ते या जन्मी फिटायचं नाही. दर सुट्टीत आई विचारायची, "सरनी का शाळा?" मी नाही म्हणालो की नवस पुढे जायचा. आणि मी वाढत होतो.

"चौथीमाच तुला करी टाकतू, ते चार भेलीमा काम व्हई जातं," वडील म्हणत. "आते याले तोलाले सगळा वावरमा ऊस लावना पडी."

गूळ विकतचा चालणार नव्हता. नवसात 'घरचा' हा शब्द होता आणि आई त्या शब्दाला बांधलेली होती. त्या वर्षी वडिलांनी विहिरीजवळच्या तुकड्यात ऊस लावला. बैलांचा चरक फिरला, कढई चढली, आणि आईने चुलवणाजवळ बसून प्रत्येक भेली स्वतः थापली. मग गावातल्या वाण्याच्या कापूस तोलायच्या काट्यावर मला बसवून बघितलं. गूळ पुरून एक भेली उरली. शहाद्याच्या शाळेत मला मास्तरची जागा मिळाली होती. पण नवस फिटेपर्यंत आई मला घराबाहेर पडू देणार नव्हती. मार्गशीर्षातली दत्तजयंतीची यात्रा तोंडावर आली होती.

यात्रेला जायचं तर सांभाळून जायला हवं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या काकांनी नातवाची तुला केली होती. यात्रेच्या तोंडाशी एका तंबूपाशी त्यांची गाडी अडवली गेली. बाहेरचा गूळ आधी इथे शुद्ध करायचा, मग देवाला, असं सांगून माणसांनी भेल्या आत नेल्या, आणि बाहेर आणल्या त्या काळ्या, रेती लागलेल्या. काकांनी त्याच भेल्या गाडीत भरल्या. देवाच्या दारात भांडायचं नाही, असं आपलं वळण. गर्दीतल्या ठकांना हे वळण पक्कं ठाऊक असतं. घोड्यांच्या बाजारात चार दिवस घासाघीस करणारा माणूस देवाच्या नावाने काही मागितलं की मुकाट हात पुढे करतो. त्यांचा सगळा धंदा त्यावर चालतो.

आम्ही तापीच्या उतारातून गाडी घातली आणि पलीकडे चढलो, तेव्हा ऊन वर आलं होतं. घोड्यांच्या रांगा, खेळणीवाले, धूळ. गाडीला गाडी लागलेली. आई भेल्यांच्या पोत्यावर बसली होती, ती तिथून हलायला तयार नव्हती. तो तंबू दिसलाच. भगवा फेटा बांधलेला एक माणूस बैलांपुढे आडवा आला.

"गूळ आहे? उतरवा. इथे शुद्ध केल्याशिवाय आत जायचा नाही. वरचा हुकूम आहे."

"कोणाचा हुकूम?" मी विचारलं.

"मामलेदार साहेबांचा."

"दाखवा, मी वाचतो."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी धोतर नेसलो होतो आणि डोक्यावर साधी टोपी होती. "तुला वाचता येतं?"

"बालबोध येतं, मोडी येते, इंग्रजीही येतं. ज्यात असेल त्यात दाखवा."

वडील पुढून म्हणाले, "आणा भाऊ. याले शिकाडामा मन्हा दोन बैल इकाई गयात. जराखा वाचू द्या त्याले."

मागच्या गाड्यांतली माणसं हसली. फेटेवाला "जा, जा, रस्ता सोडा" म्हणत आमच्या मागच्या गाडीकडे वळला. पण त्या गाडीवाल्यानेही "आधी हुकूम दाखव" म्हटलं, आणि त्याच्या मागच्यानेही. त्या सकाळी मला पदवीचा जितका अभिमान वाटला, तितका पदवीदानाच्या दिवशीही वाटला नव्हता.

आई मात्र अजून पोत्यावरच होती. "आते काटा देखूत," ती म्हणाली.

देवळापासून जरा अंतरावर, एका वडाखाली, नवसाचा मोठा काटा लावलेला होता. तो लावणारा देवळाचा माणूस नव्हता. यात्रेपुरता बाहेरून आला होता. तीन बल्ल्यांची तिवई, मध्ये लाकडी दांडी, आणि साखळ्यांना लटकवलेले दोन जाड पाट. दांडी दोराने वर ओढली की पाट जमिनीवरून उचलले जात. तुला झाली की तो दोर सोडायचा आणि पाट खाली टेकायचे. शेजारी त्याच्या स्वतःच्या गुळाची रास रचलेली होती. आमच्या पुढे तिघांच्या तुला झाल्या आणि तिघांचाही घरून आणलेला गूळ कमी पडला. प्रत्येकाने उरलेला त्याच्याकडून घेतला. तिसरी एक बाई होती, कडेवर दोन वर्षांचं पोर. "घर ते पुरना व्हता," ती सारखी म्हणत होती. काटेवाला म्हणाला, "देवाच्या दारात पोर जड होतं, ताई. ती कृपा समजा."

मी आईकडे पाहिलं. आमचा गूळ कमी पडला तर त्याचा गूळ घ्यावा लागणार आणि 'घरचा' हा शब्द मोडणार. एक भेली जास्त होती, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटेना.

"बसा लवकर," काटेवाला मला म्हणाला. "रांग मोठी आहे."

"थांब," आई म्हणाली. तिने कमरेची कुंकवाची डबी काढली. "पयले पारडासनी पूजा."

"पूजा झाली आहे, माय. सकाळीच केली."

"ती तुन्ही. मन्ही बाकी शे."

आमच्याकडे खळ्यावर धान्याची रास मोजायच्या आधी रिकाम्या पायलीला हळदकुंकू लावतात. लावल्यावर ती पायली उचलून, आत काही नाही हे चारी दिशांना दाखवतात. भरलेल्या मापाची पूजा कोणी करत नाही. मालक, सालदार, बलुतेदार सगळ्यांच्या देखत हे होतं आणि मगच पहिलं माप पडतं. आईने हे जन्मभर केलेलं होतं. तिने दोन्ही पाटांवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि हात जोडून उभी राहिली.

"झालं?" काटेवाल्याने विचारलं.

"आते उचल. रिकामंच."

"रिकामं कशाला उचलायचं?"

"तुला म्हणजे मापच शे ना? मंग रिकामं माप देवले दाखाडनं पडस."

रांगेतली माणसं सगळी शेतकरी. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "बरोबर शे. खळावर असंच करतस." दुसरा म्हणाला, "उचल ना भाऊ, दोर आखडना का?" काटेवाला इकडेतिकडे पाहत होता. नकार द्यावा तर पूजेला नकार दिल्यासारखं. शेवटी वडिलांनीच दोर हातात घेतला आणि ओढला.

गुळाचा पाट वर गेला. माणूस बसायचा पाट जमिनीवरून सुटलाच नाही.

"वारा आहे," काटेवाला म्हणाला.

"वारा पाटवर बठना का?" म्हातारा म्हणाला.

वडिलांनी दोर माझ्या हाती दिला, खाली वाकून पाट उलटा केला. खालच्या अंगाला तारेने घट्ट बांधलेला नांगराचा फाळ होता. मागून कोणी तरी म्हणालं, "आरे, देवना काटाले नांगर जुपेल शे," आणि सगळी रांग पोट धरून हसत सुटली. काटेवाल्याने चपला पायात घातल्या, पण त्याला जाऊ दिलं नाही. मारलंही नाही. म्हाताऱ्याने त्याच्या हातात दोर दिला आणि सांगितलं, "आते सगळासले तोल. नीट तोल." तारा सोडल्या, फाळ बाजूला टाकला, पाट पुन्हा उचलले. ते समोरासमोर, अगदी सारखे थांबले. आईने ते डोळे भरून पाहिलं आणि मला म्हणाली, "बठ."

मी मांडी घालून बसलो. इतका मोठा माणूस तुलेला बसलेला पाहून बायका पदर तोंडाला लावत होत्या. आई एकेक भेली ठेवत गेली, कोणाला हात लावू दिला नाही. माझा पाट हलला, उचलला गेला, दांडी सरळ झाली. वाण्याच्या काट्यावर उरली होती तशीच एक भेली पोत्यात उरली.

ती भेली आईने कडेवर पोर असलेल्या त्या बाईला दिली. त्या बाईने मात्र गुळाआधी दुसरंच मागितलं. "आक्का, तुन्ही डबी दे ना जराशी. मी परत तोलस याले, पण पयले पूजा करसू."

काटेवाल्याने निमूटपणे दांडी ओढली, रिकामी. त्या बाईचा घरचाच गूळ पुरला. मग तिच्या मागच्याने डबी घेतली, मग त्याच्या मागच्याने. आम्ही वडाखाली भाकरीचं गाठोडं सोडून जेवायला बसलो तरी रांगेत डबी फिरतच होती. संध्याकाळी गाडी जुंपताना ती कोणी तरी आणून दिली. झाकण उघडून आईने बोट फिरवलं, तर तळाशी टिळ्यापुरतंही कुंकू उरलेलं नव्हतं. तिने बोटाला लागलेली तेवढी लाली माझ्या कपाळाला पुसली आणि वडिलांना म्हणाली, "हाका आते. याले सोमवारे शाळामा जानं शे."