हरणाला कुठली गोळी, कोल्ह्याला कुठली

माझ्या नेमबाजीला आजवर एकच बळी पडला आहे: होटगीच्या शेतातली दादाची पाण्याची टाकी. तरीही वडिलांच्या माघारी बाराबोअर बंदुकीचा परवाना माझ्याच नावावर झाला, कारण कागदपत्रं धाकट्याला जमतात अशी घरात समजूत होती. परवाना पीकसंरक्षणाचा. हरभऱ्यावर काळविटांचा कळप उतरला की बंदूक आकाशाकडे धरून एक बार काढायचा. कळप पळायचा. बास.

निवृत्त झालो आणि मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. महिन्याभरात मला कळलं, की आपली बंदूक म्हणजे निव्वळ अडगळ. हरणाला दोनशे त्रेचाळीस बोअरची गोळी, कोल्ह्याला दोनशे तेवीसची, आणि दोन्हींचं एकीत भागवायचं तर आपल्याकडे मिळणारी तीनशे पंधराची रायफल. मी हे दादाला बांधावर ऐकवलं.

"हरीण मारायचंय का तुला?"

"मारायचं कशाला? पण योग्य बोअर असावा."

"मग गोळी कुटं लागायची, आभाळाला? मला आवाज पायजे, आवाज! टाकी फोडलीस तवाच तुज्या हातातनं काढून घ्यायला पायजे हुती."

मी चिडून सोलापूरला आलो तो थेट नवी पेठेतल्या बंदुकीच्या दुकानात. म्हाताऱ्या दुकानदाराने माझं व्याख्यान जांभई देत ऐकलं. "साब, हिरन मारे तो सीधा जेल. कोल्हे कू तो पटाखा बस है. रायफल किसके वास्ते होना?"

मला तो अडाणी वाटला. त्याच रागात घरी बसून बोअर बदलण्याचा अर्ज लिहिला.

आता, मी जन्मभर हेडक्लार्क. कारणाशिवाय अर्ज आणि जोडपत्राशिवाय कारण माझ्या हातून कधी सुटलं नाही. 'शस्त्र बदलण्याचे कारण' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सोबतचा तक्ता पाहावा.' तक्त्यात तीन रकाने: प्राणी, योग्य गोळी, किती अंतरावरून ठार होतो. पहिल्याच ओळीत काळवीट. खाली सही, तारीख.

कलेक्टर कचेरीत खिडकीतल्या बाईंनी तक्ता वाचला. मग उठून साहेबांकडे नेला. साहेबांनी मला आत बोलावलं.

"हे तुम्ही शुद्धीत लिहिलंय?"

"हो सर. संदर्भासाठी."

"काळवीट मारणं गुन्हा आहे, माहितेय?"

"माहितेय सर. मारायचं नाहीये."

"मग ठार होण्याचं अंतर कशाला मोजलंत?"

मी तक्त्यातला तिसरा रकाना बोटाने झाकला. बाई मात्र खिडकीतून मोठ्याने म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो!" सगळं ऑफिस हसलं.

चौकशी होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, असा आदेश झाला. ती न्यायला दादा स्वतः बरोबर आला. एसटीत माझ्या शेजारी जागा होती, तरी तो दारापाशी उभा राहिला. ठाण्यात मिळालेली बंदुकीची पावती मी घडी घालून खिशात ठेवली, तेव्हा एवढंच म्हणाला, "हरभऱ्याच्या घाट्यात दाणा भरतोय आत्ता. आत्ता!"

त्या हंगामात त्याने पत्र्याचा डबा बडवला, फटाके लावले, वहिनीने ओरडून घसा बसवला. काळविटं चार दिवसांत सरावली. बांधापासून विहिरीपर्यंतचा हरभरा गेला. मी रविवारी मदतीला गेलो, तर वहिनीने पाणीसुद्धा विचारलं नाही. "भावजी, तुमी नका येत जाऊ," म्हणाली. "तुमास्नी बघूनबी ती पळत न्हाईत."

चौकशीत मी फक्त मूर्ख आहे, असं निष्पन्न झालं. बंदूक सुटायची होती, पण त्याआधी दादा परवाना आपल्या नावावर करायचा अर्ज घेऊन माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. वकिलाकडून सगळं छापून आणलेलं.

"हितं सही कर. फकस्त सही."

"दादा, खाली एका ओळीत कारण लिहिलं तर..."

"एक अक्षर लिवलंस तर हात मोडीन."

मी सही केली. पेन माझं होतं. तेही त्याने काढून घेतलं.