लॅकर ओलं आहे

स्वारगेटच्या सिग्नलला उभा होतो तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. दिलीप गेला. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि माझ्या तोंडून निघालं, "असं अचानक?" त्या म्हणाल्या, "अचानक नाही हो भाऊजी. पाच महिने चाललं होतं." याला आता सहा आठवडे झाले. भेटणारे म्हणतात, तुमचा जिवलग मित्र गेला, फार वाईट झालं. मी मान हलवतो. वाईट झालंच. पण खरं सांगायचं तर मला दुःखापेक्षा राग जास्त आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, तरी तो जात नाही.

दिलीप मोटारींच्या कारखान्यात रंगकाम करायचा आणि मी सरकारी कचेरीत फायली हलवायचो. वीस वर्षांपूर्वी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा रंग उडाला म्हणून कुणीतरी मला त्याच्याकडे धाडलं. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हा रंग आहे की लपवाछपवी? खाली चांगलं लाकूड आहे, ते दिसायला काय हरकत आहे?" त्या रविवारपासून आमचं जमलं. धायरीला त्याच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही गिटारी करू लागलो. लाकूड कापून, घासून बॉडी तयार करायचं काम माझं. रंग आणि त्यावरचं लॅकर, म्हणजे पारदर्शक, चकाकीचे थर, हे काम त्याचं, त्यात मला मत नव्हतं. घासून झालेल्या बॉडीवरून तो ओलं फडकं फिरवायचा, लाकडाचे बारीक तंतू उभे राहिले की पुन्हा घासायचा. मग काळा रंग चोळून वरवर काढून टाकायचा, म्हणजे काळं फक्त रेषांमध्ये उरायचं. त्यावर खरा रंग. मी म्हणायचो, "लावलेला रंग काढतोस कशाला?" त्याचं उत्तर ठरलेलं, "तू फायलीत लिहिलेलं कुणी वाचतं का? तरी लिहितोसच ना!"

लॅकरच्या दिवसांत मात्र तो माणसातून उठायचा. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं, पंखा बंद, अंगात फक्त बनियन. खोलीत कुणाला प्रवेश नाही. एकदा मी न राहवून आत डोकावलो आणि माझ्या स्वेटरचा एक तंतू लॅकरवर बसला. त्यानं सगळे थर घासून काढले आणि तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून 'लॅकर ओलं आहे' म्हटलं की मी धायरीचा रस्ता धरत नसे.

यंदा आंब्याच्या लाकडाची बॉडी केली होती. आंबा रंग सारखा पीत नाही, कुठे गडद, कुठे फिका. म्हणून दिलीप खूश होता. आम्ही दोघांनी बसून तिला निळा रंग चढवला. दिलीप वाळलेला दिसत होता, विचारलं तर म्हणाला, "जेवण कमी केलंय. तूही कर, पोट बघ." पुढच्या रविवारी फोन आला, "लॅकर सुरू केलंय. येऊ नकोस." मग दर रविवारी तेच. अजून ओलं आहे. हवा दमट आहे. अजून दोन थर बाकी आहेत... दोन महिने! एकदा त्यानं बारीक पॉलिश पेपर मागवला. मी वारज्याहून गेलो, पिशवी फाटकाला अडकवली आणि हाकही न मारता शहाण्यासारखा परत आलो.

दहाव्यानंतर वहिनींनी वरची खोली उघडून दिली. बॉडी तारेला टांगलेली होती. मी तिला हात लावला आणि घामेजलेला तळवा निळा झाला. लॅकरखालचा रंग हाताला लागत नाही. त्यानं एकही थर दिला नव्हता. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत होतं. फक्त भाऊजींना सांगायचं नाही, असं बजावलं होतं. तुम्ही पेपर घेऊन आलात ना, तेव्हा हे या खिडकीतच बसले होते. मी हाक मारते म्हटलं, तर माझा हात धरून ठेवला. म्हणाले, तो माझ्याकडे बघून रडेल, मग मला नाही जमायचं."

मला नाही जमायचं! आणि मला काय जमायचं होतं, ते विचारायचं नाही? मी रडलो असतो, हो. दोन शिव्या घातल्या असत्या, पाणी पाजलं असतं, शेजारी बसलो असतो. एवढाच माझा हक्क होता. माझ्या आज्ञाधारकपणानंच त्यानं केसानं गळा कापला माझा.

गेल्या रविवारी धायरीला गेलो आणि त्या बॉडीला लॅकर मी लावलं. जमीन कोरडीच ठेवली. पंखा लावला, खिडकी उघडली. वहिनी दारात थबकल्या. "भाऊजी, धूळ बसेल हो."

"बसू दे," मी म्हणालो. "तुम्ही आत या."

त्या चहा घेऊन आल्या, शेजारची दोघं आली. लॅकर वाळेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.